साल्व्हियाच्या वाट्याचं पाणी

मी झारी बोलतेय. जस्ताच्या पत्र्याची, नऊ लिटर पाणी मावणारी, लांब नळीची. हल्ली त्या हिरव्या प्लास्टिकच्या झाऱ्या मिळतात, दोन उन्हाळ्यांत त्यांचा चुरा होतो. मी तिशी ओलांडली. पोटाला दोन पोचे आहेत, मूठ एका बाजूने घासून गुळगुळीत झालीय, पण अजून थेंब गळत नाही. थोडा ताठा आहे माझ्यात, तो आधीच कबूल करते.

माझ्यावर एक आळ आहे. दुसऱ्या कुणी घेतलेला नाही, माझा मीच घेतलाय. माझ्या पाण्याने सहा झाडं मेली. झारी स्वतःहून वाकत नाही, तिला कुणीतरी वाकवतं, हे मलाही कळतं. पण पाणी माझ्याच तोंडातून पडलं ना! बरेच दिवस हे पोटात ठेवून मी भिंतीवर टांगलेली आहे. आज सांगून टाकते.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. दुकान कसलं, दोन भिंतींमधली बोळच होती. त्या पत्रेवाल्याची एक खोड होती. नवी वस्तू झाली की तिच्यात काठोकाठ पाणी भरून तो ती कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि स्वतः चहा प्यायला बसायचा. चहा संपेपर्यंत कागद कोरडा राहिला तर माल पास, नाहीतर सांध्याला पुन्हा कथिलाचा डाख द्यायचा. माझ्या वेळी त्याने चहा जरा जास्तच सावकाश प्यायला, कारण गिऱ्हाईक समोरच उभं होतं आणि गिऱ्हाईक कटकट्या स्वभावाचं होतं.

ते गिऱ्हाईक म्हणजे सिस्टर. मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी मला बनवतानाच नळी हातभर लांब करायला लावली होती.

"एवढी लांब नळी कोण करतं बाई?" पत्रेवाला कुरकुरला.

"दिवसभर खाटांवर वाकते मी," सिस्टर म्हणाल्या. "घरी जाऊन झाडांपुढेही वाकू का?"

पत्रेवाल्याने पुढे वाद घातला नाही. सिस्टरांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही.

घर गल्लीच्या अगदी शेवटी होतं. पुढच्या खोलीत सिस्टरांच्या यजमानांचं शिवणकामाचं दुकान. त्यांना सगळे मास्तर म्हणत. दोघांची खरी नावं गल्ली कधीच विसरून गेली होती. मास्तर गळ्यात टेप घालूनच जन्माला आले असावेत. बोलायला मऊ, गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी "होईल हो" म्हणायचे. त्यांना नाही म्हणताच यायचं नाही. मग सिस्टर मागच्या दाराने येऊन सांगायच्या, "होणार नाही. शनिवारी या."

मागच्या बाजूला उघडं अंगण होतं. वर ऊन आणि खाली मुरूम. पाऊस वर्षातले मोजके दिवस येई, तोही पाहुण्यासारखा घाईत. नळाला एक दिवसाआड पाणी. तरी सिस्टरांनी हौसेने हिरवळ लावली, गुलाब लावले, मोठ्या पानांची नाजूक झाडं लावली. ड्यूटीवरून आल्या की चप्पल बदलून थेट माझ्याकडे. संध्याकाळी सोळा खेपा व्हायच्या! मला वाटायचं, ही बाग माझ्याच जिवावर चाललीय. एका अर्थी ते खरंही होतं.

मग नळ आठवड्यातून दोनदा यायला लागला, तोही तासभर. हिरवळ पिवळी पडली. गुलाबांनी पानं टाकली. मास्तर कपडे धुतलेलं पाणी बादलीत जपून ठेवायचे आणि मी ते घालायचे. एका संध्याकाळी सिस्टर कमरेवर हात ठेवून बागेसमोर उभ्या राहिल्या.

"अहो, या बागेला आपण सलाईनवर जगवतोय," त्या म्हणाल्या. "हे काही खरं नाही."

पुढच्या रविवारी त्या गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गेल्या आणि अकरा लहान पिशव्या घेऊन आल्या. प्रत्येक पिशवीत एकेक वीतभर काटकुळं रोप. करड्या हिरव्या, खरखरीत, बारीक पानांचं. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय आणलंस? माळावरचं तण दिसतंय."

"साल्व्हिया म्हणतात."

"फुलतं का?"

"वर्षातले आठ महिने. आणि फारसं पाणी मागत नाही."

"म्हणजे आपल्यापेक्षा शहाणं आहे," मास्तर म्हणाले आणि एक दांडी बोटांत धरून, कापडाचा पोत बघावा तशी फिरवून बघायला लागले. "अगं, ही दांडी चौकोनी आहे!"

होतीच चौकोनी. त्यानंतर जो येईल त्याला मास्तर ती दांडी बोटांत धरायला लावायचे, जणू त्यांनीच ती कापून बेतली होती.

वाफा करायला दोन रविवार गेले. रोपवाटिकेतल्या बाईंनी सिस्टरांना बजावून सांगितलं होतं, की या झाडाला गरिबी चालते पण ओल चालत नाही. मुळाशी पाणी साचलं की मूळ कुजतं. म्हणून वाफा उंच केला, त्याला एका अंगाला उतार दिला, मुरूम फोडून त्यात जाड वाळू मिसळली. शेणखत अगदी चिमूटभर. जास्त खाऊ घातलं तर नुसतीच पानं माजतात. वर बारीक खडीचा थर. मास्तर टेप घेऊन मापाला बसले.

"दोन झाडांत किती ठेवू?"

"दोन फूट."

"अडीच ठेवतो. कापड असो की झाड, वाढत्या अंगाला माया सोडावी लागते." आणि त्यांनी शिवणाच्या खडूने दगडांवर अकरा खुणा केल्या.

पहिला महिना मला आठवड्यातून दोनदा काम होतं. मग आठवड्यातून एकदा. मग पंधरा दिवसांतून एकदा. दुसऱ्या वर्षापासून तर हिवाळ्यात मला कुणी विचारेना आणि कडक उन्हाळ्यातही वीसेक दिवसांनी एक खेप. पाणी घालायच्या आधी सिस्टर खडी बाजूला करून मातीत बोट घालायच्या. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तरच मला उचलायचं. वर माझ्या तोंडावरची चाळणीही काढून ठेवली त्यांनी! पानं भिजवायची नाहीत, बुडाशी एकदाच भरपूर द्यायचं, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खोल जातात. चाळणी म्हणजे माझा दागिना होता हो. पावसासारखी बरसायचे मी तिच्यातून. आता नळाच्या तोटीसारखी भसाभसा पाणी ओतायचे आणि परत भिंतीशी उपडी.

खरं सांगते, मी त्या साल्व्हियाला पाण्यात पाहत होते. ज्याला माझी गरज नाही त्याचं कौतुक मी का करावं?

पण फुलायला लागली तेव्हा मीही बघत राहिले. पाच लाल, तीन निळी-जांभळी, तीन गुलाबी. उंच दांड्यांवर लहान लहान ओठ उघडल्यासारखी फुलं. भर दुपारी, जेव्हा अंगणात चप्पल नसेल तर पाय भाजायचे, तेव्हा त्या वाफ्यावर मधमाश्यांची ही गर्दी. शेजारचे काका भिंतीवरून डोकावले.

"सिस्टर, खत कुठलं घालता?"

"दुर्लक्ष," सिस्टर म्हणाल्या. "महिन्यातून एकदा, मुळाशी भरपूर."

काकांनी घरी जाऊन बायकोला ते नाव लिहून ठेवायला सांगितलं म्हणे. खरं-खोटं मला माहीत नाही, मास्तर सांगायचे हसत हसत.

थंडी सरताना छाटणी. सिस्टर एक तृतीयांश उंची उतरवायच्या, पण खालच्या जून लाकडात कधी कात्री घालायच्या नाहीत, तिथून पुन्हा फूट येत नाही. मास्तरांना ते बघवायचं नाही. "अगं, चांगलं धड झाड होतं, पार चड्डी करून टाकलीस त्याची." पंधरा दिवसांत नव्या फुटीने झाडं भरून यायची आणि मास्तर लोकांना सांगायचे, "आम्ही छाटतो ना वेळेवर."

ते दिवस आठवले की माझ्या रिकाम्या पोटात काहीतरी घुमतं. पुढे शिलाई मशिनचा आवाज चाललेला. सिस्टर ड्यूटीवरून येऊन मागच्या पायरीवर पाय पसरून बसलेल्या. एक पान चुरडून बोटं नाकाशी धरायच्या. "दवाखान्याचा वास उतरतो याने," म्हणायच्या. मशीन थांबायचं, मास्तर दोन कप चहा घेऊन यायचे, आणि मग कुणाच्या वॉर्डात काय झालं आणि कुणाच्या बाह्या तोकड्या झाल्या, हे सगळं चालायचं. त्यांची मुलगी पायरीखाली बसून अभ्यास करायची. आई बोट घालून माती बघते तशी तीही बघायची. अशी वीस-बावीस वर्षं गेली. मी त्यातली बरीचशी उपडी काढली, पण त्या पायरीजवळ उपडी होते, एवढं समाधान होतं.

मुलगी शिकून दुसऱ्या शहरात शाळेत शास्त्र शिकवायला गेली. सिस्टर निवृत्त झाल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदाच सलग सुट्टी मिळाली तेव्हा त्यांचे पाय सुजायला लागले.

हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि एक गोष्ट मास्तरांना पुन्हा पुन्हा सांगितली. दिवसाला एकूण सव्वा लिटर. पाणी, चहा, दूध, सगळं धरून. एक घोटही वर नको, ते पाणी छातीत साचेल.

मास्तरांनी काचेची एक बाटली घेतली. टेप लावून मोजून तिच्यावर पांढऱ्या कापडी पट्ट्या चिकटवल्या. सकाळी इथपर्यंत, दुपारी इथपर्यंत, संध्याकाळी इथपर्यंत. सकाळी बाटली भरून ठेवायचे आणि दिवसभर तिच्यावर राखण करायचे. जन्मभर कुणाला नाही म्हणू न शकलेला तो माणूस.

मागच्या पायरीवर आता खुर्ची आली होती. सिस्टर तिच्यात बसून वाफ्याकडे बघायच्या.

"अहो, दोन घोट."

"सहा वाजता."

"आता किती वाजलेत?"

"साडेचार."

"तुमचं घड्याळ मागे आहे."

"असू दे."

"आयुष्यभर पेशंटना असंच सांगत आले मी," सिस्टर म्हणाल्या. "घसा कोरडा पडला की कसं होतं, ते आत्ता कळतंय." मग वाफ्याकडे बोट करायच्या. "यांना बघा कसं जमतं."

मास्तर उठून अंगणातल्या टाकीच्या नळापाशी यायचे, मला नळाखाली धरायचे आणि नळ पूर्ण सोडायचे. पाण्याच्या आवाजात रडलेलं ऐकू जात नाही. मी काठोकाठ भरून वाहायला लागायचे तरी त्यांना भान नसायचं. मग डोळे पुसून ते मला उपडी करायचे आणि आत जायचे. असे चौदा महिने.

एका सकाळी सिस्टर उठल्याच नाहीत. त्या दिवशीची बाटली भरून ठेवलेली होती, पहिल्या पट्टीपर्यंतही उतरली नव्हती. घरात माणसं आली, गेली. संध्याकाळी मास्तर ती बाटली हातात घेऊन घरभर फिरत होते. ते पाणी मोरीत ओतायला त्यांचा हात होईना. शेवटी अंगणात आले, बाटली माझ्यात रिकामी केली आणि ते सव्वा लिटर साल्व्हियाच्या बुडाशी घातलं. सिस्टरांनी सगळ्यात आधी लावलेल्या लाल झाडाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले. या वेळी मला भरलं. तिसऱ्या दिवशीही भरलं. माझी चाळणी कुठल्याशा फळीवरून शोधून आणली, धूळ पुसून बसवली. आणि मी तुमच्यापासून लपवत नाही, मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी मी रोज बरसत होते. मास्तर प्रत्येक झाडापाशी थांबायचे, पुटपुटायचे, "घ्या, पोटभर घ्या." त्यांच्या हातात काहीतरी होतं, माझ्या पोटात काहीतरी होतं. आम्ही दोघंही एकटे होतो. त्याच वर्षी नवी पाइपलाइन आली आणि नळाला रोज पाणी यायला लागलं. पाणीटंचाई असती तर बरं झालं असतं, असं कुठल्या झारीला कधी वाटलं नसेल. मला वाटतं.

सुरुवातीला झाडं तरारली. पानं मोठी झाली, दांड्या उंच गेल्या आणि आपल्याच वजनाने आडव्या पडल्या. फुलं कमी झाली. मग एका निळ्या झाडाने मान टाकली. मास्तर घाबरले, सकाळचीही खेप सुरू केली. शेजारचे काका भिंतीवरून म्हणाले, "मास्तर, पाणी कमी पडतंय बघा, पार सुकलंय." मग दुपारचीही.

इथे एक फसगत आहे, ती सांगते. कुजलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. त्यामुळे झाड भर पाण्यात उभं असतं आणि वरून अगदी तहानलेलं दिसतं. जितकं पाणी द्याल तितकं जास्त तहानलेलं दिसतं. मास्तरांना ते कसं कळावं? ते बघत होते आणि घालत होते. बोट घालून माती बघायचं काम सिस्टरांचं होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. निळं गेलं, मग दोन गुलाबी, मग एक लाल, मग आणखी एक निळं. पाच. पुढच्या खोलीतलं मशीन आता बंदच होतं. गिऱ्हाइकं दारातून परत जायची. मास्तर दिवसभर वाफ्याशी, सिस्टरांचं एकेक झाड जाताना बघत आणि आणखी पाणी घालत. ओढून धरावं तितकं सगळं त्यांच्या हातून निसटत होतं. अति तिथे माती म्हणतात, आणि ती मातीही चिखल झाली होती.

अशात मुलगी सुट्टी काढून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी अंगणात आली आणि जागीच थांबली.

"बाबा, पाणी किती घालता?"

"तिन्ही वेळा," मास्तर म्हणाले. आवाजात अभिमान होता. "एक दिवस चुकवला नाही."

मुलगी गुडघ्यावर बसली. खडी बाजूला करून तिने बोट घातलं. चिखलाने माखून बाहेर आलं. गेलेल्या दोन गुलाबी झाडांपैकी एक तिने बुडाशी धरून हलकेच ओढलं, तर ते अलगद हातात आलं. मुळं काळी, मऊ पडलेली. गटारासारखा वास सुटला.

"हे बघा. मूळच राहिलं नाही."

"मग अजून थोडं पाणी..."

"बाबा, ते पाण्यानेच गेलंय. सगळी पाण्याने गेलीत."

मास्तर खुर्चीत बसले, सिस्टरांच्याच. मी त्यांच्या पायाशी होते, अर्धी भरलेली. मला तेव्हा कळलं की मी इतके महिने काय करत होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं, असं म्हणायला हरकत नाही.

वाफ्याकडे बघत ते बोलले. "तिला मी पाणी दिलं नाही गं."

मुलगी हात धुवायला निघाली होती, ती थांबली.

"चौदा महिने मागत होती. दोन घोट, दोनच घोट म्हणायची. मी घड्याळ दाखवायचो. आणि गेली त्या दिवशी सगळी बाटली भरलेली. आदल्या दिवशी पाजली असती तर काय बिघडलं असतं? तहानलेली गेली ती. आता ही झाडं माना टाकून बघतात माझ्याकडे. यांनाही नाही म्हणू? मला नाही जमत."

मुलगी तशीच चिखलाच्या हातांनी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मला बाहेर नेऊन सांगितलं होतं, फार तर चार महिने. मी तुम्हाला बोलले नाही. आई किती राहिली?"

मास्तर बोटांवर मोजायला लागले.

"चौदा. वरचे दहा महिने कुठून आले? तुमच्या त्या पट्ट्या लावलेल्या बाटलीतून आले."

"तिला माहीत होतं? चार महिन्यांचं?"

"नर्स होती ती. तिला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. मला फोनवर म्हणायची, या माणसाने जन्मात मला कशाला नाही म्हटलं नाही. आता म्हणतोय, तर किती जिवावर येत असेल त्याच्या. म्हणून ऐकते मी त्याचं."

मास्तर रडले. या वेळी नळ सोडलेला नव्हता, त्यामुळे सगळं ऐकू आलं. मुलीने त्यांना रडू दिलं.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "राहिलेल्यांचं आता काय करायचं?"

"काही नाही. काहीच करायचं नाही. तेच अवघड आहे."

अगदीच काही नाही असं नव्हतं. दोघांनी मिळून वाफ्याचा उतार पुन्हा काढला, चिखल उपसून कोरडी वाळू भरली. धड झाडांच्या शेंड्यांच्या, फुलं नसलेल्या, बोटभर काड्या कापून खालची पानं काढली आणि वाळू भरलेल्या कपांत खोचल्या. मास्तरांनी त्या एका रांगेत, सारख्या अंतरावर मांडल्या. आणि मला मुलीने भिंतीवरच्या उंच खिळ्याला टांगलं, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही इतकं उंच. मला राग आला नाही. उलट हायसं वाटलं.

मुलगी आठ दिवसांनी गेली. तिच्या पाठोपाठ आणखी एक लाल झाड गेलं, ते आधीच आतून संपलेलं होतं. पण मास्तरांना ते कोण पटवणार? त्या दिवशी त्यांनी स्टूल आणलं, मला उतरवलं, नळापर्यंत नेलं, आणि तसंच परत आणून टांगलं. पुढे असं बऱ्याचदा झालं. एकदा तर त्यांनी तांब्याभर पाणी घातलंच, इकडे तिकडे बघत. मी वरून मोजत असायचे, पाच राहिलीत, पाचच राहिलीत. मास्तरांचा हात पुन्हा सुटला तर सिस्टरांचं या अंगणात काहीच उरणार नव्हतं.

आता माझी हालहवाल सांगून तुमची रजा घेते. मी खिळ्यावर आहे. चाळणी पुन्हा काढून ठेवलीय. चार आठवडे झाले, मला काम नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. कपांतल्या काड्यांपैकी आठांना कोंब आलेत, त्यांना मास्तर चमच्याने पाणी देतात. गेल्या मंगळवारी पुढच्या खोलीत मशीन थोडा वेळ चाललं. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिला भरायच्या आधी मातीत बोट घालून बघा, एवढी विनंती. आम्हाला नाही म्हणता येत नाही. कुणी वाकवलं की आम्ही ओततो.

एवढं कालचं सांगते आणि गप्प बसते. काल या उन्हाळ्यातला सगळ्यात कडक दिवस होता. दुपारी तीनच्या सुमारास वाफ्यातल्या त्या सगळ्यात जुन्या लाल झाडाने पानं खाली टाकली. मास्तर दारातून बघत होते. आत गेले. स्टूल घेऊन आले. मला उतरवलं, नळाखाली धरलं, काठोकाठ भरलं आणि वाफ्यापाशी नेलं.  त्यांनी खडी बाजूला केली, बोट घातलं. दोन पेरांवर गार ओल लागली असणार, कारण बोट बाहेर काढून ते कितीतरी वेळ बघत राहिले. पण पानं तर खालीच होती.

"दोन घोट हवेत?" त्यांनी झाडाला विचारलं.

मग ते उन्हातच स्टुलावर बसले. मला शेजारी ठेवलं. हात माझ्या मुठीवर होता. मूठ तापली होती, दोन-तीनदा त्यांनी मला अर्धवट उचललंही. उठून मात्र गेले नाहीत. ऊन भिंतीपलीकडे उतरलं. वारा सुटला. आधी शेंड्याचं एक पान सरळ झालं, मग त्याखालचं. अंधार पडायच्या आत सगळं झाड ताठ उभं होतं आणि दोन मधमाश्या शेवटची फेरी मारायला आल्या होत्या.

मास्तरांनी मला उचललं आणि सगळं पाणी पिंपात ओतलं. मग तिथेच उभं राहून मुलीला फोन लावला.

"अगं, आज मी नाही म्हटलं."

पलीकडून तिने काहीतरी विचारलं.

"आईच्या लाल झाडाला. मान टाकली होती. नाही दिलं मी." तिने पुन्हा काही विचारलं. "हो, उभी आहे. मी जवळच बसून होतो."